वाचनाच्या तासाला दुष्काळ – सहावीच्या मुलांना कसा सांगावा?

तासिका
नमस्कार मंडळी. मी बीड जिल्ह्यात एका जिल्हा परिषद शाळेत सहावीला शिकवते. पट २७. शनिवारी सकाळच्या शाळेत आमचा वाचनाचा तास असतो, त्यात पाठ्यपुस्तकाबाहेरचं वाचायचं असा माझा नेम आहे. येत्या तीन शनिवारी १८७६-७८ चा दुष्काळ घ्यायचं ठरवलंय.

कारण सांगते. मागच्या महिन्यात एका धड्यात 'दुष्काळ' शब्द आला. म्हटलं, सांगा बरं म्हणजे काय? एकजण म्हणाला, "बाई, टँकर." दुसरा म्हणाला, "अनुदान येतं ते." तिसरी म्हणाली, "छावणी. आमची गाय तिथं नेली होती." तिन्ही उत्तरं खरीच आहेत, पण 'भूक' कुणीच म्हणालं नाही. एका अर्थी बरंच वाटलं. पण आपल्याच मुलखात माणसं अन्नावाचून रस्त्यात पडून गेली, हे या पोरांना कुणी सांगितलेलं नाही, हेही तेव्हाच कळलं.

आता अडचण. २७ पैकी ९ जणांचे आईबाप दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. मुलं आजी-आजोबांजवळ नाहीतर हंगामी वसतिगृहात राहतात. दोघं-तिघं अशी आहेत की शाळेतली खिचडी हेच त्यांचं दिवसातलं पहिलं खाणं. त्यांच्यासमोर भुकेबद्दल वाचताना कुणाच्या वर्मावर बोट पडू नये.

सुरुवात सावित्रीबाईंच्या पत्राने करावी असं मनात आहे. २० एप्रिल १८७७ ला ओतूरहून त्यांनी जोतीरावांना लिहिलेलं. एक वाचावं की आणखी काही? किती सांगावं, कुठे थांबावं? ज्यांनी असा तास घेतलाय त्यांनी जरूर लिहा.

अरुण नाना
बाई, चांगलं काम हाती घेतलंत. मी पारनेर तालुक्यातला. बहात्तर साली मी तिसरीत होतो. तुमच्या पोरांनी टँकर म्हटलं ते बरोबरच आहे. आमची पिढी अजून म्हणते, बहात्तरला अन्न नव्हतं पण पाणी होतं, आता अन्न आहे पण पाणी नाही. आमच्या आडाला तळाशी का होईना पाणी लागायचं. पण घरात दाणा नव्हता. आई चिंचोके भाजून, फोडून, जात्यावर दळायची. हुलग्याचं माडगं मिळालं तर तो सण.

आणि मिलो. अमेरिकेहून आलेली तांबडी ज्वारी. भाकरी थापताना चिरायची, गार झाली की कडक व्हायची. आम्ही ती ताकात कुस्करायचो, ताक नसेल तर पाण्यात. आज कुणी मिलोला नावं ठेवली की मला वाईट वाटतं. तिच्यावर आम्ही जगलो.

रानवारा
मिलोबरोबर काँग्रेस गवतही आलं ना पण. आमच्या बांधावरून अजून जात नाही.

दफ्तरखाना
@रानवारा, हे सगळीकडे ऐकू येतं पण तारखा जुळत नाहीत. गाजर गवत पुण्यात १९५० च्या दशकातच नोंदलं गेलंय. दोष द्यायचाच तर त्याआधी आयात झालेल्या गव्हाला देतात. मिलो आली तेव्हा ते पसरायला लागून पंधरा-एक वर्षं झाली होती.

रानवारा
घ्या. म्हणजे आमच्या आजोबांनी पन्नास वर्षं मिलोला उगाच शिव्या दिल्या. :)

सई_पुणे
मी वेगळं मत मांडते, राग नसावा. सहावीची मुलं अकरा-बारा वर्षांची. माझी मुलगी त्याच वयाची आहे. एका कार्यक्रमात त्यांना उपासमारीचे जुने फोटो दाखवले, हाडांचे सापळे झालेली माणसं. ती चार रात्री झोपली नाही आणि नंतर आठवडाभर जेवताना रडायची. 'वास्तव कळायला हवं' हे ठीक, पण कोवळ्या मनावर एवढा भार कशाला? आठवी-नववीत सांगा की.

निवडुंग
सईताई, फोटोंबद्दल एकदम मान्य. पण ज्यांच्या घरात दुष्काळ दर दोन-चार वर्षांनी येतो त्यांना आठवीपर्यंत थांबायची मुभा कुठे आहे? ते पाचवीतच जनावरं विकताना बघतात.

दफ्तरखाना
फोटोंचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट. व्हॉट्सॲपवर 'बहात्तरचा दुष्काळ' म्हणून जे सांगाडे झालेल्या माणसांचे फोटो फिरतात, त्यातले बरेच १८७७ च्या आसपासचे मद्रास इलाख्यातले आहेत, हूपर नावाच्या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने काढलेले. त्या माणसांना ओळीने बसवून फोटो काढले म्हणून त्याच्यावर तेव्हाच टीका झाली होती. बहात्तरला असं घडलंच नाही, म्हणून फोटोखाली चुकीचं साल लिहिणं हा दोन्ही काळांवर अन्याय आहे. तासिकाताई, फोटो नकोतच. त्या माणसांना कुणी विचारलं नव्हतं.

तासिका
सईताई, राग कसला. तुमच्या मुलीची गोष्ट वाचून मी फोटो पक्के काढून टाकले. नाना, तुमचं माडगं आणि मिलो वहीत उतरवून घेतलं.

पालक७
माझ्या मते या पाठाचा खरा उपयोग म्हणजे मुलांना अन्नाची किंमत कळणं. आमच्या सोसायटीतल्या मुलांचे डबे बघा, अर्धा डबा कचऱ्यात. दुष्काळात लोक चिंचोके खात होते हे कळलं तर ताटात टाकणार नाहीत.

तासिका
@पालक७, तुमचा हेतू कळतो, पण दुष्काळ मला मुलांना दटावायला वापरायचा नाही. एक तर माझ्या वर्गात ताटात टाकणारं पोर नाही, खिचडीचं पातेलं घासूनपुसून रिकामं होतं. दुसरं म्हणजे त्यातून मुलांना असं वाटतं की लोक मेले ते अन्न वाया घालवल्यामुळे. १८७७ ला ज्याचं पोट रिकामं होतं त्याने काहीच वाया घालवलं नव्हतं. त्याचा दोष काय होता, हा प्रश्न मुलांनी विचारावा असं मला वाटतं.

दफ्तरखाना
बरोबर जागी बोट ठेवलंत. पाऊस १८७६ ला गेला, पण माणसं फक्त पावसाने मेली नाहीत. बाजारात धान्य होतं, भाव परवडणारे नव्हते. शेतात काम नाही म्हणून मजुराच्या हातात पैसा नाही. दुष्काळ चालू असताना इंग्लंडला गहू जातच होता. १ जानेवारी १८७७ ला दिल्लीत दरबार भरवून व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केलं, तेव्हा दख्खनमध्ये लोक गावं सोडून निघालेले होते. ब्रिटिश मुलखात पन्नास लाखांवर माणसं गेली असा अंदाज आहे.

मुलांना सांगायला मला सगळ्यात मोलाची वाटते ती रिचर्ड टेंपलची गोष्ट. एकच माणूस, दोन दुष्काळ. १८७४ ला बिहारमध्ये पीक बुडालं तेव्हा याने ब्रह्मदेशातून जहाजांनी तांदूळ आणवला, सढळ हाताने वाटला. भुकेने माणसं जवळजवळ मेलीच नाहीत. यावर त्याचं कौतुक व्हावं की नाही? झाली ती टीका, एवढा खर्च केलाच कशाला म्हणून. तीन वर्षांनी त्यालाच व्हाइसरॉय लिटनने दख्खन आणि मद्रासच्या दुष्काळावर धाडलं. या खेपेला त्याने हात इतका आखडला की दिवसभर खडी फोडणाऱ्या गड्याला १ पौंड धान्य आणि १ आणा. बाईला आणि काम करणाऱ्या पोराला त्याहून कमी. 'टेंपल वेज' म्हणून ती मजुरी इतिहासात कुप्रसिद्ध आहे. मद्रासमध्ये डॉ. कॉर्निश या आरोग्य अधिकाऱ्याने एवढ्यावर माणूस जगत नाही असं लावून धरलं, तेव्हा तिथे ती वाढवावी लागली.

सहावीच्या मुलाला हे नक्की कळतं. ज्याला वाचवता येतं हे ठाऊक होतं, त्याने तीन वर्षांनी वेगळं का केलं?

गव्हाणी
हे मला चाळिसाव्या वर्षी कळतंय. धागा वाचनखूण करून ठेवला.

निवडुंग
आपल्याकडचे लोक गप्प बसले नव्हते हेही सांगा. मुंबई इलाख्यात मजुरांनी १८७७ च्या जानेवारीत कमी मजुरी नाकारून कामं सोडली, पुण्याची सार्वजनिक सभा त्यांच्या बाजूने उभी राहिली. सभेने गावोगावची माहिती गोळा करून सरकारला कळवली. वासुदेव बळवंत फडके याच काळात दुष्काळी भागात हिंडले, नंतर १८७९ चं बंड. आणि सत्यशोधक समाजाने धनकवडीला दुष्काळातल्या मुलांसाठी बालाश्रम चालवला. मुलांना मुलांची गोष्ट जवळची वाटेल.

अंजली (डब्लिन)
मी आयर्लंडमधून लिहिते आहे. इथे हा विषय प्राथमिक शाळेतच येतो, म्हणून माझ्या लेकीच्या वर्गातलं सांगते. १८४५ पासून इथे बटाट्यावर रोग पडला, शेत रातोरात काळं पडायचं. साधारण १० लाख माणसं गेली, तितकीच देश सोडून गेली. इथूनही धान्य बाहेर जातच होतं. वर दफ्तरखाना यांचं वाचून अंगावर काटा आला, गोष्ट तीच आहे.

लेकीच्या बाईंनी पहिल्या दिवशी वर्गात नुसता एक बटाटा आणला होता. टेबलावर ठेवला आणि विचारलं, घरात हेच एक खाणं असेल आणि हे सडलं तर? वीस मिनिटं मुलंच बोलत होती. मृत्यूचे आकडे तिसऱ्या दिवशी आले.

आणि त्यांनी मदतीची गोष्ट आवर्जून वाचून घेतली. १८४७ ला अमेरिकेतल्या चॉक्टॉ या मूळनिवासी लोकांनी १७० डॉलर गोळा करून इथे पाठवले. त्यांनाच काही वर्षांपूर्वी स्वतःच्या जमिनीवरून हाकललं होतं, वाटेत त्यांची हजारो माणसं मेली होती. कॉर्क परगण्यात मिडलटन गावी त्यांच्या आठवणीसाठी पोलादाची नऊ उंच पिसं उभी केली आहेत. लेक तिथे गेली तेव्हा पिसांच्या मधे जाऊन आकाशाकडे बघत कितीतरी वेळ उभी होती. कलकत्त्याहूनही वर्गणी आली होती, तिथल्या आयरिश शिपायांनी दिलेली. हे कळल्यावर ती मला म्हणाली, "आई, म्हणजे आपणसुद्धा?" शिपाई आयरिशच होते, पण मी मान डोलावली.

सई_पुणे
अंजली, बटाट्याची कल्पना फार आवडली. मी माझं मत थोडं बदलते. वय हा मुद्दा नसावा, कशाने सुरुवात करतो हा असावा.

पालक७
तासिकाताई, तुमचं उत्तर वाचून दोन दिवस विचार केला. तुमचं बरोबर आहे. घरी मुलाशी या विषयावर बोललो तेव्हा ताटाचं काढलं नाही. त्याला अमर्त्य सेन यांची लहानपणची आठवण सांगितली. १९४३ चा बंगालचा दुष्काळ, हे नऊ-दहा वर्षांचे, शांतिनिकेतनला. दारात येणाऱ्याला तांदूळ द्यायची आजोबांनी परवानगी दिली, पण एकाला सिगारेटचा डबा भरेल एवढाच, म्हणजे जास्तीत जास्त लोकांना पुरेल. मुलगा म्हणाला, "डबा मोठा का नाही घेतला?" मला उत्तर देता आलं नाही.

मुकादम
सदस्यनाम मुकादम असलं तरी मी मुकादम नव्हतो, मस्टर कारकून होतो. १९७३ च्या उन्हाळ्यात, औरंगाबाद जिल्ह्यात एका रस्त्याच्या कामावर. वय २१. उशिरा लिहितोय, पण या धाग्यावर राहवलं नाही.

मे महिन्यात राज्यात रोज जवळपास ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. आमच्या साइटवर सातशे. सकाळी हजेरी, मग खडी फोडणं. हाताच्या बोटांना लोक सायकलच्या ट्यूबचे तुकडे गुंडाळायचे, घाव चुकला तर बोट वाचावं म्हणून. बायांची तान्ही पोरं बाभळीला झोळी बांधून टांगलेली. एक म्हातारी तेवढ्याच कामावर, झोके द्यायच्या. दुपारी पोरांना सुकडी वाटायचो, ओंजळ पुढे करायची पोरं आणि एक कणही खाली सांडायचा नाही.

एक बाई पदर नाकापर्यंत ओढून खडी फोडायची, कुणाशी बोलायची नाही. आठवड्याचा पगार वाटताना अंगठ्याऐवजी तिने सही केली, तेव्हा नाव वाचलं. ती पाटलाच्या घरची होती. मी मान वर केली नाही, तिनेही नाही. त्या रांगेत सगळे एक झाले होते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

१८७७ आणि १९७२ मधला फरक मुलांना सांगायचा तर हाच सांगा. पाऊस दोन्हीकडे गेला. पण आमच्या वेळी काम मागितलं तर मिळत होतं, रेशनला धान्य येत होतं, आणि सरकारला मतं मागायला त्याच गावात परत जायचं होतं. वि. स. पागे यांनी रोजगार हमी मांडली, ती त्या वर्षांत राज्यभर उभी राहिली, १९७७ ला तिचा कायदा झाला. पुढे २००५ ला देशाचा कायदा झाला त्यामागे हीच योजना आहे. त्रुटी होत्या, मस्टरवर खोटी नावं लागायची, मापात मारायचे. पण त्या साइटवरून एक माणूस भुकेने गेलेला मला आठवत नाही.

आणि बाई, एक सुचवतो. अंजलीताईंच्या शाळेत बटाटा ठेवला, तुम्ही ज्वारी ठेवा. १ पौंड म्हणजे साधारण ४५० ग्रॅम. शाळेत खिचडीचा तांदूळ मोजायला वजनकाटा असेलच. मुलांच्या हातूनच मोजून घ्या.

अरुण नाना
मुकादमसाहेब, ती ओंजळ मी होतो असं समजा. सुकडीचा वास अजून नाकात आहे.

दफ्तरखाना
ज्वारीची कल्पना सगळ्यात उत्तम. तासिकाताई, एक छोटी सुधारणा सुचवतो. तास १८७६ पासून सुरू झाला तरी मुलांना कळू द्या की आपल्या भाषेत दुष्काळ त्याच्या कितीतरी आधीपासून आहे. १६३० च्या दुष्काळात तुकोबांची पहिली बायको गेली. 'अन्न अन्न करिता मेली' असं त्यांनीच लिहून ठेवलंय. मुलांना तुकोबा पाठ असतात, पण त्यांच्या घरात दुष्काळ आला होता हे ठाऊक नसतं. एवढी एक ओळ फळ्यावर लिहिलीत तरी पुष्कळ.

गव्हाणी
ताई, तास झाला का? रोज धागा उघडून बघतेय.

तासिका
झाला. दोन शनिवार झाले, तिसरा बाकी आहे. कालचं सविस्तर लिहिते.

पहिल्या शनिवारी सावित्रीबाईंचं पत्र वाचलं. मी सगळं वाचलं नाही. लोक गावं सोडून चाललेत, चाऱ्यापाण्यावाचून जनावरं मरताहेत एवढंच, आणि कार्यकर्ते कामाला लागले तो भाग. मुलं सावित्रीबाईंना शाळेपुरतंच ओळखत होती. त्या दुष्काळात खेडोपाडी फिरत होत्या हे त्यांना नवीन होतं. एकाने विचारलं, "बाई, पत्र पोचायला किती दिवस लागले?" तेवढ्यावरच त्या दिवशी थांबलो.

काल काटा आणला. ज्वारी मुलांनीच घरून मूठ-मूठ आणली होती, त्यातली ४५० ग्रॅम मोजून कागदावर ओतली. फळ्यावर लिहिलं: दिवसभर खडी फोडल्यावर एका माणसाला एवढी. शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवलं आणि आणा म्हणजे याचा सोळावा भाग हे सांगितलं.

मग विचारलं, यात भाकरी किती होतील? वर्ग गप्प. मुलांना खरंच अंदाज नव्हता. मागच्या बाकावरची एक मुलगी उठली, जिचे आईवडील आत्ता कोल्हापूरकडे तोडीवर आहेत आणि जी घरी धाकट्या भावाला आणि आजीला भाकरी करून घालते. एरवी ती तासाला तोंड उघडत नाही. पुढे आली, दोन्ही हातांनी ज्वारी उचलून बघितली आणि म्हणाली, "साडेचार. बारक्या थापल्या तर पाच." मग थोडं थांबून, "पण बाई, पीठ दळायचे पैसे कुणी द्यायचे?"

मला हे सुचलंच नव्हतं. त्यावरून मग सगळा वर्ग हिशेबाला बसला. दळण, मीठ, सरपण, कोरड्यास. घरात कामाला न जाऊ शकणारी म्हातारी असेल तर तिची भाकरी कुणाच्यातली? एक आणा कुठवर पुरणार? फळा भरला. त्या एका तासापुरती ती मुलगी वर्गाची बाई होती, मी नुसती खडू धरून उभी होते.

टेंपलची गोष्ट त्यानंतर सांगितली. दफ्तरखाना, तुमचा प्रश्न मी विचारायच्या आधी एका पोराने विचारला: "बिहारला दिला मग आपल्याला का नाही?" मी म्हटलं, खर्च केला म्हणून त्याला बोल लावले होते. तो म्हणाला, "कोण बोललं त्याला?" पुढचा शनिवार याच्यावरच घेणार आहे.

सईताई, कुणी रडलं नाही. पण खिचडीच्या वेळी वर्गात बोलणं कमी होतं, हे खोटं सांगत नाही. ती ज्वारी मुलांनी परत वाटून घेतली नाही. कुणीतरी म्हणालं, जिने हिशेब केला तिला द्या. तिने फडक्यात बांधून घेतली.

सई_पुणे
वाचलं. मुलीलाही वाचून दाखवलं. ती म्हणते, त्या मुलीला पत्र लिहू का? चालेल का ताई?

तासिका
चालेल. शाळेच्या पत्त्यावर, वर्गाच्या नावाने लिहायला सांगा. उत्तर सगळे मिळून देतील, पण भाकऱ्यांचं काही विचारलंत तर तीच लिहील.

मुकादम
बाई, तिसऱ्या शनिवारी तोडीवर न गेलेली कुणी आजी वर्गात बोलवा, बहात्तर बघितलेली. बोटांना ट्यूब कशी गुंडाळायचे ते तिला नक्की दाखवता येईल.

तासिका
बोलावलंय. त्याच मुलीची आजी येते आहे. ट्यूबचा जुना तुकडा मुलांनी पंक्चरवाल्याकडून आणून ठेवलाय.